पाणबुड्याचा पत्ता

शुक्रवारी दुपारी सोहारचे रस्ते रिकामे.
एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत ठिबकतं
आणि शाल्मली खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापून
पत्ते करते. एकसष्ट झाले. तिला शंभर हवेत.

चित्रं झकास. शमाल वारा, दात असलेला.
डोंगरातून वाट काढत उतरणारं फलजचं पाणी.
मासळीबाजारातलं मांजर, शक्ती नऊ.
नऊ का, तर म्हणे, तू पाहिलंयस ना त्याला?

भांडण मजकुरावरून.
मांजर "एक मासा खातं". जोएल विचारतो, कुणाचा?
हातातला की मांडलेला?
हैथम विचारतो, एकदाच की दर फेरीला?
शाल्मली म्हणते, कळतं की!
न कळणाऱ्या गोष्टींबद्दलच माणसं असं म्हणतात.

मी बंदरावर परवाने लिहिते.
टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी पाऊण पान:
कोण उतरेल, वर कोण उभा राहील,
हवा कोण तपासेल, किती मिनिटांनी पुन्हा.
"काळजी घ्यावी" असं मी एकदाच लिहिलं होतं.
"घ्यावी" हे क्रियापद
कर्त्याला मागच्या दाराने पळवून लावतं,
तिला सांगितलं. ती हसली, मग खोडायला बसली.

मांजराचं असं झालं:
"तुझी खेळी सुरू झाली की, फेरीत एकदाच,
समोरच्याने मांडलेल्या माशांपैकी एक निवड.
तो बाद."
जोएलने दोनदा वाचलं, मान डोलावली
आणि मुकाट हरला.

"शकतो" आणि "लागतं" यांत अर्धा तास गेला.
वारा होडी उलटवू शकतो.
वाऱ्याला होडी उलटवावी लागते.
दुसऱ्यात वाऱ्याची कीव येते, म्हणाली.

मग पाणबुड्या. हैथमच्या पणजोबांच्या गोष्टीतला.
नाकाला चिमटा, कमरेला दोर,
वर होडीत दोर धरून बसलेला म्हातारा,
ज्याचं तोंड काढायचं राहून गेलंय.
"पाणबुड्या खाली जातो. मोती मिळाला की वर येतो."

मी पेन टेकवलं.
मोती नाहीच मिळाला तर?
शमालने होडीच नेली तर?
हैथम म्हणाला, मग खालीच. लिहिलंय तसंच.
किती फेऱ्या?
ते लिहिलेलं नाही.

शाल्मली नखाने पुठ्ठ्याची कड खरवडत होती.
"आपलं पण तसंच आहे ना," म्हणाली,
"घराचं जमलं की परत जायचं.
त्यात पण फेऱ्या नाहीत."

बादली काठोकाठ भरली होती.
मी ती उचलून कढीपत्त्याला ओतली,
मग रिकामी बादली हातात धरून उभी राहिले.
अकरा वर्षं नेमकं लिहितेय.
माझ्या परवान्यावर माणूस टाकीत उतरतो
ते वर यायची वेळ आधी लिहून.
आमचा कागद मात्र गुहागरच्या एसटी स्टँडवर
तोंडीच झाला, दोघांत मिळून एका शब्दाचा:
बघू.

परत आले तर तिने नवं लिहिलं होतं,
अक्षर बारीक करत पार कोपऱ्यापर्यंत:

"पाणबुड्या दोन फेऱ्या खाली राहतो.
तिसरी सुरू होताच वर येतो.
मोती असो वा नसो.
होडी असो वा नसो."

होडी नसेल तर वर येऊन जाईल कुठे,
जोएलने विचारलंच.

तिने पत्ता उलटा केला.
मागे खजूरवाल्याचं छापील नाव, पोस्ट बॉक्स,
पुढचे आकडे कात्रीत गेलेले.
"त्याला वेगळा पत्ता लागेल," म्हणाली,
आणि पुठ्ठ्यांच्या ढिगाखाली
कात्री शोधू लागली.