पाण्यातला आटा

इंजिन डहाणूहून आलं, टेम्पोत, गोधडीत गुंडाळून.
कसारा घाटात पुंजाराम वाडिले म्हणे दोनदा उतरला,
दोर ताणून पुन्हा बसला.
पंधरा हॉर्सपॉवर, वापरलेलं,
स्क्रूच्या खाचेत अजून खाऱ्या पाण्याचं पांढरं.
"तिकडं साडेपाच हजार फिरायचं हो.
मुकण्याच्या पाण्यात सेहेचाळीसशेवरच धापा टाकतंय.
फसवलं का मला?"

मी सातपूरचा टर्नर. होडीत माझं काय काम.
पण त्यानं पंखा काढून माझ्या लेथवर ठेवला,
तीन पाती, मधल्या गोळ्यावर कोरलेलं: सव्वानऊ बाय दहा.
सव्वानऊ हा व्यास.
दहा म्हणजे एका फेऱ्यात दहा इंच पुढे,
पाणी लोखंडासारखं घट्ट असतं तर.
अरे, म्हणजे हा आटाच की!
अठ्ठावीस वर्षं मी शाफ्टला आटे पाडतोय,
दीड मिलिमीटर, दोन मिलिमीटर;
नट येऊन बसला की कळतं खरा की खोटा.
हा पाण्यात पाडायचा
आणि मागे वळून बघावं तर मिटलेला.

"फसवलं नाही," मी म्हणालो.
"घाट तू चढलास तसं तेही चढलं.
इथल्या उंचीवर त्याच्या छातीत हवा थोडी कमी जाते
आणि तू घास भरवतोयस किनाऱ्यावरचा.
घास लहान कर."

रविवारी दुकानदाराकडून दोन पंखे आणले,
नऊचा आणि आठचा,
ओरखडा पडला तर विकत, या बोलीवर.
त्याची सून अनसूया मीटर घेऊन बसली,
वायर प्लगच्या केबलला गुंडाळलेली.
आठचा लावला. रिकामी होडी सुटली
तशी पुंजारामची टोपी पाण्यात.
पावणेसहा हजार!
तो हसला, मग चिडला:
"हे नुसतं ओरडतंय. नऊचाच घेऊ, पळेल तरी."
नऊचाही रिकामा चांगलाच पळाला.

अनसूया म्हणाली, "मामा, जाताना कसली घाई असते?
घाई येताना."
बर्फ वितळायच्या आत मासळी हायवेवरच्या गाडीत जायची असते,
तेव्हा होडी अशी हलकी नसते.
मग आम्ही ती परतल्यासारखी भरली:
ओली जाळी, बर्फाचे दोन खोके,
कटल्याऐवजी गोणीत धोंडे,
आणि मी, पंच्याऐंशी किलो.

दहा: सेहेचाळीसशे. इंजिनाचा आवाज घशात अडकलेला.
नऊ: एकोणपन्नासशे, आणि वर चढेना.
आठ: त्रेपन्नासशे.
कंपनीची पट्टी सांगते पाच ते सहा हजार.
कोणी काही बोललं नाही.
पुंजारामनं नऊचा पंखा सदऱ्यानं पुसला,
मुलगी बघून नकार द्यावा तसा
जरा जास्तच हळुवार, खोक्यात ठेवला.

मीटर परत द्यायचं होतं.
"आता वेग कसा कळणार?" मी विचारलं.
अनसूयानं फळीवरच्या डब्याकडे बोट केलं.
साडेतीन हजारांपर्यंत झाकण वाजतं.
चार हजारांवर गप्प.
तिथं हात थांबवायचा, पेट्रोल वाचतं.
पुढे गेलं की पुन्हा वाजतं, वेगळं, बारीक.

मे महिन्यात धरण आटलं.
आटा, आटणं; माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.
गाळातून जुन्या बांधाचे दगड वर आले
आणि आठच्या पंख्याचं एक पातं तिथं टेकलं.
घेऊन आला. नखाएवढा तुकडा गेलेला.
मी कानस लावली, मग बाकीच्या दोन पात्यांनाही,
वजन सारखं व्हावं म्हणून चांगल्यांनाही थोडं झिजवलं.
पैसे विचारले त्यानं.
मी म्हणालो, आधी पाण्यात लाव,
डबा काय म्हणतो ते बघ.