ही बाजू वर

खोक्यावर जाड मार्करने पोंक्षेंनी लिहिलं होतं
'ही बाजू वर', आणि एक बाण.
इंग्रजीतही लिहा म्हटलं, तर म्हणाले,
बाण कळतो हो जगात सगळ्यांना.
इस्तंबूलमध्ये कळला नसावा.
कुताइसीच्या पट्ट्यावर खोकं आलं ते शीर्षासनात,
एक कोपरा शेळीने चघळल्यासारखा,
आणि आत कुठेतरी एक सुटा बोल्ट खुळखुळत.

रात्रीचे तीन.
टॅक्सीवाल्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग माझ्या मागे, दाराकडे,
कुणी पुरुष येतोय का.
कुणी येत नव्हता.
त्याने मागची सीट पाडली.

बावन्नाव्या वर्षी तेवीस किलोंत बसायचं म्हणजे
मे महिन्यात तीन स्वेटर अंगावर चढवून
काउंटरवरच्या पोरीसमोर घाम न पुसता हसायचं.
एक पातेलं, पंक्चरचा डबा,
औषधाच्या बाटलीत गोडा मसाला.
बाकी घरी ठेवलं.
बाकीचं काही बोललंही नाही.

सकाळी द्राक्षाच्या मांडवाखाली सायकल मांडली,
फरशीवर, सुट्या सुट्या हाडांसारखी.
कानात पिवळा बिल्ला असलेला कुत्रा
हँडलला हुंगून त्याच्याच शेजारी झोपला.
समोरच्या पाटीवरची अक्षरं बिनशिरोरेघेची,
दोरी तुटून अंगणात पडलेले कपडे जशी.
एकही उचलता येईना.

घरमालकांची तेकले, सहा-सात वर्षांची,
जांभळे ओठ, जांभळी बोटं.
मूठ उघडून म्हणाली, "तुता."
मी म्हटलं, "तुती."
दोघी एकदम गप्प झालो.
हा शब्द माझ्याआधी इथे कधी पोचला,
कुणाच्या खोगिराला बांधून,
त्याला कुणी विचारलं असेल का,
एकटाच निघालास?

मग पेडल.
घरी हॉलमध्ये चारदा खोलून चारदा जोडलं होतं,
मांजरासमोर, पंख्याखाली.
इथे डावं काही बसेना.
मी पिळत राहिले, लोखंड कुरकुरलं,
घाम नाकावरून चेनवर.
तेकले थोडा वेळ बघत राहिली
आणि घराकडे तोंड करून ओरडली, "मामा!"

मामा आले, हात पुसत.
वहीतल्या शब्दांच्या यादीत नंतर सापडलं,
इथे मामा म्हणजे बाप.
रेवाज त्यांचं नाव.
पाना घेतला नाही हातातून,
फक्त हवेत बोट फिरवून दाखवलं,
उलटं.
डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.
माहीत होतं हो मला.
नवऱ्याला समजावून सांगितलं होतं मीच,
तो होता तेव्हा.
पायाने सुटू नये म्हणून तसं,
चालवशील तितकं घट्ट होत जाईल.

एका झटक्यात बसलं.
खुळखुळणारा बोल्ट कशाचा, ते मात्र कळलं नाही.
रेवाजनी तो प्रकाशात धरला, मान हलवली,
माझ्या खिशात घातला.
पैसे पुढे केले तर हात मागे बांधून उभे.

निघताना खोक्याचं काय करायचं, हा प्रश्न
तेकलेनेच सोडवला.
सरपटत आत शिरली, पाठीवर घेऊन उठली,
मांडवाच्या कडेला उपडं ठेवलं. घर.
कुत्र्याला आत ओढायला लागली.
बाण जमिनीकडे,
आणि पोंक्षेंची अक्षरं पाय वर करून
शिरोरेघेवर उभी,
डोंबाऱ्याच्या पोरांसारखी तारेवर.
वाचायला मी तिरकी झाले,
आणि सायकलही माझ्याबरोबर तिरकी झाली.

फाटकाबाहेर सवयीने डावीकडून निघाले.
समोरून येणाऱ्या मिनीबसने
हॉर्नवर अख्खा देह टाकला.
ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी लांबलचक सांगितलं.
शब्द एकही नाही, आशय पूर्ण कळला.

रस्ता ओलांडून उजवीकडे आले.
पुढे सामत्रेदिया, सपाट, असं नकाशा म्हणतो.
डावा पाय. उजवा पाय.
खिशात बोल्ट.