ओहोटीचा हिशेब

सारसोळ्याच्या जेट्टीवर
सहा वीसची ओहोटी.
पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं मीटर वाचले मी,
त्यामुळे पाणी दिसलं की आधी तोंडात येतं:
किती?

काठाला चार बोटं.
तिथे ढोकरी, चिखलाच्याच रंगाची,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखी
मान आत घेऊन ताटकळत.
उडाली की कळतं,
आतून पांढरीशुभ्र होती.

घोट्याइतक्या पाण्यात लहान बगळा.
काळ्या पायांना पिवळी पावलं.
एक पाऊल पुढे करून तळ थरथरवतो,
अंधारात चपला चाचपाव्यात तसा,
आणि दडलेली कोळंबी
आपणहून दाराशी येते.

मधला खाडीत सहसा उतरत नाही.
त्याला गोडं पाणी लागतं, पाणगवत लागतं.
आलाच तर पाहुण्यासारखा, पाय न धुता परततो.

गुडघाभर पाण्यात मोठा.
त्याची मान म्हणजे बेसिनखालचा वाकडा पाइप.
माझा चहा संपतो, तो हलत नाही.
दुसरा संपतो.
मग एकदाच,
आणि बोय आडवी चोचीत.

गायबगळ्याने तर पाण्याशी संबंधच तोडलेत.
पाम बीचच्या दुभाजकावर
गवत कापायच्या यंत्रामागे फिरतो, नाकतोडे वेचत.
प्रत्येक घराण्यात असा एक असतोच.

एक कूळ, एक खाडी,
फरक पायांच्या लांबीचा आणि धीराचा.
मी वहीत लिहिलं: किती समजूतदार मंडळी!
फशीबायला वाचून दाखवलं.
ती निवट्यांच्या टोपलीवर पाणी मारत हसली.
"समजूत कसली रं? पोट हाय.
जो तो आपल्या पायापुरता जातं."

फशीबाय आणि चांगुणा, सख्ख्या जावा.
सामाईक भिंतीवरून
एकोणीस वर्षं बोलणं नाही.
एक कमरेइतक्या चिखलात हात घालून
बिळातल्या चिंबोऱ्या, निवट्या काढते.
दुसरीचा नवरा होडीने खोल पाण्यात, जाळ्याला जितका पडेल तितका.
बाजारात मात्र शेजारीशेजारी बसतात.
गिऱ्हाईक चुकून हिच्याकडे बोय मागायला आलं
तर फशीबाय नुसती हनुवटी उडवते:
तिकडं.

गेल्या मार्गशीर्षात बांधाची उघाडी तुंबली.
थर्माकोल, पिशव्या, कुणाची तरी गादी.
भरतीचं पाणी आत येईना,
आतलं तळं आटत आटत
सगळीकडे सारखंच, चार बोटं.

तेव्हा पाहिलं.
मोठा लहानाच्या अंगावर धावला.
लहानाने ढोकरीच्या चोचीतला मासा ओढला.
पायांची लांबी कुणाच्या कामाची राहिली नाही,
एका डबक्याभोवती सगळे,
पिसं, चिखल, घोगरी ओरड.
वहीतलं 'समजूतदार' मी खोडलं.
शेजारी काय लिहावं ते सुचलं नाही.
उतरत्या पाण्याचा मीटर असतो,
उतरत्या सोयरिकीचा नसतो.

पाचव्या दिवशी उघाडी मोकळी होती.
कुणी केली, विचारलं नाही.
फशीबायच्या कोयत्याला ओला गाळ होता,
चांगुणेच्या मनगटावर ओरखडे.
दोघी आपापल्या टोपलीमागे,
दोघींच्या मध्ये तेच एक फुटाचं अंतर.
पाणी मात्र परत पायरीपायरीने चढलं:
चार बोटं, घोटा, गुडघा.

संध्याकाळी सगळे तिवराच्या एकाच झाडावर येतात,
मोठा, लहान, ढोकरी, दुभाजकावरचा तोसुद्धा.
दिवसभर ज्यांनी अन्नावरून चोच उचलली नाही
ते एका फांदीवरून
अंधार पडेपर्यंत भांडतात.

मी मोजतो: एक्केचाळीस.
दोन हलले. त्रेचाळीस.
पुन्हा पहिल्यापासून.