उदक नाका

कढईतलं तेल पेटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते
आणि पाण्याने आग विझते हे मला तोंडपाठ होतं.
कळशी हाताशीच होती.
शेजारच्या खिडकीतून पिएदाद ओरडली,
"उदक नाका गे, उदक नाका!"
तोवर पाणी निघालं होतं.

ते तेलाच्या खाली गेलं.
जड होतं, खाली गेलं, त्याचा दोष एवढाच.
आणि तळाशी वाफ होऊन
सगळी आग खांद्यावर घेऊन उठलं.
कौलं काळी झाली ती अजून तशीच आहेत,
माझा उजवा हातही.
पिएदाद धावत आली, कढईवर परात उपडी घातली.
आग आतल्या आत गुदमरून मेली,
एक थेंब न लागता.

तेव्हापासून कुठलंही जळण आणलं
की मी सोयरीक जुळवणाऱ्या बाईसारखी विचारते,
याचं पाण्याशी कसं पटतं?

घासलेट पाण्यावर पसरतं, पातळ, मोरपंखी,
खाली गारवा तसाच आणि वरून जाळ चालत जातो.
ओलं सोडण आधी स्वतःचं पाणी रडून घेतं,
मग जळतं, तेही उपकार केल्यासारखं.
आईच्या समईशेजारच्या काचेच्या पेल्यात
अर्धं पाणी, वर खोबरेल, वर वात.
तेल संपलं की पाणी वातीला शिवायचं,
तडतड, तडतड, आणि अंधार.
झोपताना आम्हाला उठून फुंकावं लागत नसे.

पिएदादचा कायतान चमच्यात हुर्राक धरायचा.
काडी लावली तर काडीच विझायची.
फेणी मात्र निळी पेटायची, निम्म्याहून जास्त पाणी असूनही.
"पाणी पोटात घेऊन जळता आलं पाहिजे," म्हणायचा,
आणि ज्योत फुंकून घाईने चमचा चाटायचा,
न जाणो, सगळं पाणीच उरलं तर.

आणि कार्बाइड!
कुंभारजुव्याच्या बांधावर, मानशीपाशी,
रात्री कुर्ल्यांना जाणाऱ्यांचा दिवा.
तळाशी राखाडी खडे, वरून थेंब थेंब पाणी.
पाणी थांबलं की दिवा मरतो.
हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री
मला शाळेतल्या बाईंचं फार वाईट वाटलं.

हात मिटेना. चार महिने.
पिएदाद चॅपेलसाठी मेण ओतायची,
मेणबत्त्या, आणि नवसाचे पाय, डोळे, काळजं.
तिने माझ्या डाव्या हाताचा साचा घेतला,
उजवा देवाला दाखवण्यासारखा नव्हता.
गरम साचा बादलीत बुडवला, पाणी चुर्र झालं,
आणि पाच बोटं वर तरंगत आली, पिवळसर, अख्खी.
आईने देवीपुढे नारळ वेगळा ठेवला
आणि या हाताबद्दल काही विचारलं नाही.
चवथीपर्यंत चार बोटं वळू लागली.
करंगळीचं कोणाकडून राहिलं, कोण जाणे.

नवसाचे अवयव साठले की पाद्री ते परत पाठवायचे.
पिएदाद वितळवायची, वाती घालायची, विकायची.
म्हणजे माझा हात
वीज गेलेल्या एखाद्या रात्री
कोणाच्या तरी जेवणाच्या ताटाशेजारी जळला असणार.

आज वीज नाही. पिएदादही नाही, तीन वर्षं.
तिची शेवटची मेणबत्ती मी काढली आहे,
बुडाला खिळा टोचून, पाण्याच्या पेल्यात उभी.
जळते तशी हलकी होते, हलकी होते तशी वर येते,
ज्योत पाण्यापासून कायम बोटभर वर.
पाणी तिची कड गार ठेवतं,
म्हणून मेण ओघळत नाही, थेंबही वाया जात नाही.

थंड स्टीलची ताटली ज्योतीवर जरा उंच धरली.
तिच्यावर धुकं आलं.
करंगळीने पुसून पाहिलं, ती वळत नाही पण तिला कळतं,
पाणी होतं.
आगीतून आलेलं.

हे तिला दाखवायचं राहिलं.

आता मेण नखाएवढं उरलंय.
खिळा जड होतोय.
मी हात आखडून बसले आहे,
उदक नाका, उदक नाका,
आणि पेला शांतपणे
तोंड मिटतो.