इतर, नमूद करा

प्रश्न क्रमांक चार : वय.
पंधरा ते एकोणतीस म्हणजे तरुण,
असं आमच्या प्रकल्पात ठरलेलं.
झेबीबा एकतीसची. पाठीवर मूल,
तिरप्या फळीवर टाच रोवून
बांबूच्या पात्यानं एन्सेतचं सोपट खरवडत होती.
ताई, म्हटलं, तुम्ही बसत नाही यात.
हात न थांबवता ती म्हणाली,
दोन वर्षं आधी यायचंस.
तेव्हा मी तरुण होते
आणि हेच करत होते.

गुरागेच्या डोंगरात घरामागे एन्सेतच्या रांगा.
दिसायला केळीची बहीण, पण खाण्याजोगं केळं धरत नाही.
देते ते बुंध्यातून, जमिनीखालून,
तेही पाच-सहा वर्षं थांबलात तर.
मग खड्ड्यात पुरून आंबवायचं, मग भाकरी : कोचो.
मी अदिस अबाबाची.
मला कोचो ठाऊक ती दुकानातली, पिशवीतली.
ती इतकी उंच असते, हे इथे मान वर केल्यावर कळलं.

शेम्सू, एकोणीस.
प्रश्न नऊ : व्यवसाय.
काही नाही, म्हणाला.
मी "काही नाही"वर बोट टेकवलं,
टॅब्लेटनं हिरवी खूण केली.
मग तो म्हणाला, थांबतेस का जरा, कंद उघडायचाय.
आणि कुदळ घेऊन गेलाच.

कंदाचा मधला डोळा त्यानं गेल्या वर्षी कोरून काढलेला,
पोकळीत शेण भरून कंद पुरलेला.
डोळा ठेवला तर एकच वाढतो, म्हणाला,
काढला की हे बघ.
मातीखाली दाटीवाटीनं मुनवे,
मी मोजायला लागले, चाळिसाला चुकले.
हे उपटून तिकडे लावायचे,
मोठे झाले की पुन्हा उपटायचे, अजून सुटे लावायचे,
पुन्हा एकदा.
आणि एकाच जागी राहू दिले तर?
बारीक राहतात.

भाऊ मर्कातोत बूट पॉलिश करतो.
शेम्सू दोनदा जाऊन परत आलाय.
तिसऱ्यांदा जाणार का,
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मी विचारलाही नाही.

नूरिया, त्याची बहीण, सतरा.
जमीन कोणाच्या नावावर?
बाबांच्या. मग यांच्या, असं म्हणून तिनं हनुवटीनं शेम्सूकडे दाखवलं.
कोणकोणते वाण लावता?
अस्तारा, नेचवे, अमेरात...
एक मोडलं हाड सांधायला, एक बाळंतिणीला,
एक चवीला बरा नाही पण रोगाला दाद देत नाही.
तेवीस नावं. रकाने पाच.
बोलता बोलता तिनं सुरी जाळावर धरली,
उलटीपालटी, पातं काळं होईपर्यंत.
मर सुरीवरून पसरते, म्हणाली.
कुणी शिकवलं? प्रशिक्षण, पत्रक, कृषी अधिकारी?
पलीकडच्या शेतानं.
पलीकडे पाहिलं. सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या.

"इतर" या चौकटीत चाळीस अक्षरं मावतात.
"पलीकडच्या शेतानं" मावलं.

शेवटचा प्रश्न : पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
नूरियानं गुडघ्याएवढ्या एका रोपाकडे बोट केलं.
त्याला खाताना, म्हणाली,
आणि आपल्याच बोलण्याला इतकी हसली
की झेबीबाच्या पाठीवरचं मूल जागं झालं.

हवासात परतल्यावर तक्ता तयार :
नमुन्यातले अडुसष्ट टक्के तरुण शेतीत नाहीत.
सर म्हणाले, आकडा चांगला आहे, यावर निधी मिळेल.
माझ्या पिशवीत पानात बांधलेली कोचो,
तिचा आंबूस वास गेले तीन दिवस सगळ्या खोलीभर,
कुणी खिडकी उघडतं, कुणी विचारतं कोण गेलं होतं गावाला.

रात्री मी शेम्सूची नोंद उघडली.
प्रश्न नऊ. "काही नाही" पुसलं.
यंत्रानं विचारलं : बदल करायचा? कारण लिहा.
बराच वेळ रेघ लुकलुकत राहिली.
मी लिहिलं : नखं पाहिली.