बियांचा हिशेब

सहा माणसं. सकाळी आठ ते दुपारी चार.
वहीत लिहावं लागलं : नाव, वय, कशासाठी.
हेडाऊ बाईंनी लिहिलं, 'पक्षी'.
मी लिहिलं, 'सोबत'.

बर्डीवरून निघालो तेव्हा
तर्रीपोह्याच्या गाड्यांवर नुकता जाळ लागत होता.
आता धरणाचं पाणी, एक डोंगा,
आणि मरसकोल्हे गार्ड,
जो वल्ही मारता मारताच सांगून टाकतो :
बेटावर कोणी राहत नाही जी.
तिथलं काही आणायचं नाही.
आपलं काही सोडायचं नाही.

उतरल्यावर पहिल्यांदा कळलं
आपण किती वाजतो ते.
चप्पल, पिशवी, गुडघा.
पाणकावळे पंख उघडून वाळत बसलेले,
खालचा खडक त्यांनीच पांढरा केलेला.
एका दगडालाही शेंदूर नाही.
इतका रिकामा दगड
मी नागपुरात पाहिलेला नाही.

दुपारी सावलीत संत्री सोलली.
मरसकोल्हे समोर उकिडवा बसला,
तळहात पुढे :
"बिया द्या."
सालं नंतर. आधी बिया.
"एक रुजली तं झाड येते,
झाड आलं तं फळ येते,
फळ आलं का मालक येते, बाप्पा."

साठीच्या बाया आम्ही,
तोंडातून बिया काढून त्याच्या हातावर ठेवत गेलो,
ओल्या, कोमट.
त्यानं त्या मोजल्या, कागदात बांधल्या.

माझी एक मी गिळली होती.
बोलले नाही.

परतताना वळून पाहिलं,
बसलो होतो तिथलं गवत
हळूहळू उठून उभं राहत होतं.

घरी मोजे काढले, तर कुसळं.
चिमट्यानं एकेक उपटलं : सतरा.
कुंडीत टाकायला हात गेला होता,
मागे घेतला.
जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातली,
चिठ्ठी लिहिली :
'तुमची सतरा परत पाठवते आहे.
माझी एक राहिली असं वाटेल, पण ती मीच नेली.'

बी गिळली की पोटात झाड येतं, म्हणायचे लहानपणी.
रात्री कुशीवर वळताना वाटलं,
आलंच, तर मालक कोण?

सकाळी पोस्टातल्या मुलानं विचारलं,
आत काय आहे?
कुसळं, म्हटलं.
त्यानं पाकीट काट्यावर ठेवलं,
काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि म्हणाला,
वजन तं काहीच दाखवत नाही, काकू.