तळटीप

नौमोवा बाईंची शिडी मी अकरा वर्षं धरली,
स्कोप्ये शहरात, वार्दार नदीच्या दोन्ही तीरांवर.
वर त्या, हातात टेपचं एक टोक.
खाली मी, हातात दुसरं
आणि खिशात त्यांचा जवळचा चष्मा.

चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा जमीन हलली.
पहाटे पाच सतरा.
जुन्या स्टेशनावरचं घड्याळ अजून तेवढंच सांगतं.
उन्हाळा तंबूत, हिवाळा पत्र्याच्या खोलीत,
मग नकाशांच्या गुंडाळ्या काखेत मारून
जगभरातून माणसं आली.
कुणाची भाषा कुणाला कळेना,
सगळ्यांना कळायचा तो एकच शब्द: बेतोन.
"बाकीच्या मुली बाहुल्या खेळून मोठ्या झाल्या," बाई म्हणायच्या,
"मी क्रेन बघून."

विद्यापीठात प्रबंधाचा विषय सांगितला
तर विभागप्रमुख हसले:
अहो, इतिहास म्हणजे मठ, घुमट, भित्तिचित्रं.
हे अजून ओलं आहे. वाळू तरी द्या!
बाईंनी वाळू दिलं नाही.
ओल्या सिमेंटची बखर लिहायला बसल्या:
वसतिगृहाच्या जिन्याला पायऱ्या किती,
बचत बँकेचं दार आत उघडायचं की बाहेर,
टपाल कचेरीतला बाक कुणी, कधी, का हलवला.

दोनदा बढती हुकली.
तिसऱ्यांदा तर देशच बदलला,
तेव्हा बढतीचं कुणाला पडलं होतं.
पुस्तक एकच. प्रती तीनशे.
दोनशे चार अजून तळघरात आहेत,
आयवारच्या बरण्यांशेजारी, मिरचीचा वास धरून.

त्या पुस्तकात पान एकशे बारावर एक तळटीप आहे:
*नझमी सुतार म्हणतो, साच्याच्या फळ्या
पडलेल्या घरांच्या जमिनीतून काढल्या होत्या.
(सांगोवांगी.)*
कागद नाही, पावती नाही, फोटो नाही,
म्हणून कंसात तो एक शब्द.
ध चा मा होऊ नये एवढंच बघणारी बाई,
स्वतःला आवडलेल्या गोष्टीवरही
आधी संशय घ्यायची.

मग सरकारला शहर प्राचीन करायची हौस आली.
पुतळे आले, घोडे आले,
आणि बाईंच्या इमारतींना
रातोरात थर्माकोलचे खांब फुटले.
वर प्लास्टर, वर सोनेरी पानं.
बाई एकेका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या,
कलिंगड बघतात तसं,
आणि वहीत तारीख टाकायच्या: *झाकली.*
चिडल्या नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.
फक्त त्या वर्षी सिगारेट परत सुरू केली.

फेब्रुवारीतल्या एका वादळानं
बँकेच्या मागच्या भिंतीचा एक तुकडा सोलला.
बाई सत्तरीच्या, गुडघा गेलेला.
"आज तू चढ," म्हणाल्या.
पहिल्यांदाच त्यांनी शिडी धरली.

काय दिसतं?
लाकडाच्या रेषा, बाई. गाठी. खिळ्यांची डोकी.
आणखी?
एका फळीची जागा निराळी आहे.
बाकी सगळं सपाट, इथं मात्र फुगवटा,
दोन टाचांएवढा, शेजारी शेजारी.

खाली बराच वेळ आवाज नाही.
मग हळूच, वर्गात बोलत तसं:
साच्यात सगळं उलटं उमटतं.
इथं फुगीर, म्हणजे फळीत तिथं खळगा.
कुणीतरी उभं राहत असणार एकाच जागी,
चुलीपाशी, खिडकीपाशी. खूप वर्षं.

मला माझी टाच लावून बघावीशी वाटली.
भिंतीवर कशी लावणार.

"माप घे."
घेतलं. लांबी, रुंदी, उंची साडेतीन मिलिमीटर.
विचारलं, आता तो कंसातला शब्द खोडू?
"एका फळीनं काय सिद्ध होतं?" म्हणाल्या.
"राहू दे. नझमी बोलला होता, ते बोलणंच राहू दे.
त्याच्याखाली माप लिही."

मी उतरलो.
त्या अजून शिडी धरूनच होत्या.